लाथेमागचे पदार्थविज्ञान



पालघर जिल्ह्याच्या पूर्व भागात सह्याद्रीच्या डोंगररांगांत जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे राजांचे संस्थान होते. पुढे हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी नवा पालघर जिल्हा झाला तेव्हा त्यात आला. डोंगरउतारावर भात, नागली आणि वरईची शेती, पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट, असे येथील जीवन आहे.

काही दिवसांपूर्वी या भागातील एका आश्रमशाळेत विज्ञानावर चार शब्द बोलण्यासाठी मी गेलो होतो. संध्याकाळी शाळेच्या अंगणात मुलामुलींचा तायक्वांदोचा सराव चालला होता. तायक्वांदो हा कोरिया देशातला, मुख्यतः लाथांचा युद्धप्रकार. आंब्याच्या फांदीला पेंढा भरलेले एक पोते टांगले होते आणि मुले रांगेने येऊन त्यावर लाथ मारत होती. दहावीतला एक दणकट मुलगा आला. त्याने सारी ताकद लावून लाथ मारली. पोते थोडेसे हलले. त्याच्यामागून आठवीतली एक किरकोळ अंगाची मुलगी आली. तिची लाथ बसली आणि पोते चांगले हातभर मागे गेले!

तो मुलगा सरळ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पदार्थविज्ञान शिकवता ना? मग सांगा, हिचे वजन माझ्यापेक्षा कमी, ताकद कमी, तरी पोते हिच्याच लाथेने जास्त का हलते?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर मी त्या संध्याकाळी जमेल तसे दिले. तेच आज जरा सविस्तर तुम्हांला सांगतो. पण आधी या खेळाची थोडी ओळख करून घेऊ.

नाव आणि इतिहास

कोरियन भाषेत 'ते' म्हणजे पाय, 'क्वोन' म्हणजे मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. पाय आणि मूठ यांचा वापर शिकवणारा मार्ग, असा तायक्वांदो या नावाचा सरळ अर्थ आहे.

हा खेळ दोन हजार वर्षांचा आहे, असे अनेक पुस्तकांत तुम्हांला वाचायला मिळेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने असे वाक्य वाचले की लगेच विचारावे, पुरावा कोणता? कोरियाच्या प्राचीन कोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भिंतींवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांची चित्रे आहेत. पण ती माणसे लढत आहेत, कुस्ती खेळत आहेत की नाचत आहेत, हे केवळ चित्रावरून ठरवणे कठीण आहे. पुढचा भक्कम पुरावा बराच अलीकडचा आहे. १७९० साली राजा जोंगजो याच्या आज्ञेने युद्धकलांचा एक मोठा सचित्र ग्रंथ तयार झाला. त्यात शस्त्रांबरोबर नि:शस्त्र लढण्याचेही प्रकार दिले आहेत. तेक्क्योन नावाचा पायांचा एक जुना लोकखेळही कोरियात होता आणि आजही आहे. २०११ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला.

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. शिक्षणासाठी जपानला गेलेले काही कोरियन तरुण तिथे कराटे शिकले. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी सोल शहरात आखाडे उघडले. या आखाड्यांना 'क्वान' म्हणत. आपल्याकडे तालमी असतात तशीच ही क्वाने होती. प्रत्येकाचा वस्ताद वेगळा आणि शिकवण्याची पद्धतही वेगळी. १९५५ साली 'तायक्वांदो' हे नाव पुढे आले. ते सुचवण्याचे श्रेय सेनाधिकारी चोई होंग ही यांना दिले जाते. त्यांनी स्वतः तरुणपणी जपानमध्ये कराटे शिकले होते. म्हणजे आज आपण जो तायक्वांदो पाहतो त्यात कराट्याचा वाटा मोठा आहे. मात्र पुढच्या वीसपंचवीस वर्षांत कोरियन शिक्षकांनी लाथांवर भर देऊन त्याला स्वतंत्र रूप दिले.

१९७२ साली सोलमध्ये 'कुक्किवोन' हे मुख्य केंद्र उभे राहिले. १९७३ साली जागतिक संघटना स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धाही त्याच वर्षी भरली. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रात्यक्षिक म्हणून दाखवण्यात आला. २००० साली सिडनी येथे तो पदकांचा अधिकृत खेळ झाला.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. अफगाणिस्तानला त्याच्या इतिहासातले पहिले ऑलिंपिक पदक २००८ साली बीजिंगमध्ये मिळाले, ते तायक्वांदोत. रोहुल्ला निकपाई हे त्या खेळाडूचे नाव. जॉर्डनलाही पहिले ऑलिंपिक पदक याच खेळाने दिले. २०१६ साली रिओ येथे अहमद अबुघौश याने सुवर्णपदक जिंकले. आयव्हरी कोस्टचे पहिले सुवर्णपदकही त्याच वर्षी तायक्वांदोतच आले. असे का झाले असावे? जलतरणाला तलाव लागतो, नेमबाजीला महागडी बंदूक लागते. तायक्वांदोचा सराव सुरू करायला सपाट जागा, अनवाणी पाय आणि जाणता शिक्षक एवढे पुरते. आंब्याला टांगलेले पेंढ्याचे पोतेही चालते!

भारताच्या दृष्टीने अरुणा तंवर हिचे नाव महत्त्वाचे. हरियाणातील या मुलीच्या दोन्ही हातांत जन्मतः व्यंग आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये ती तायक्वांदो खेळली. पॅरालिंपिकमध्ये या खेळात भारतातर्फे उतरणारी ती पहिली खेळाडू. महाराष्ट्रातही शालेय क्रीडास्पर्धांत तायक्वांदो आहे, म्हणून तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल, काही जण खेळतही असतील.

वस्तुमान की वेग?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. पोते किती हलेल हे कशावर अवलंबून असते? लाथेने पोत्याला जेवढा संवेग दिला त्यावर. संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, हे तुम्हांला ठाऊक आहे. येथे वस्तुमान म्हणजे सगळ्या शरीराचे नव्हे. धडकेत प्रत्यक्ष सामील होणारा पायाचा भाग तेवढाच धरायचा.

समजा, त्या मुलाच्या पायाचे धडकेतील वस्तुमान ३ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ४ मीटर आहे. त्याचा संवेग झाला १२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. मुलीचे वस्तुमान २ किलोग्रॅम, पण वेग सेकंदाला ८ मीटर. तिचा संवेग १६. म्हणजे तो मुलापेक्षा जास्तच भरला.

गतिज ऊर्जा काढली तर फरक आणखी स्पष्ट होतो. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. मुलाच्या लाथेची ऊर्जा २४ ज्यूल, मुलीच्या लाथेची ६४ ज्यूल! वस्तुमान दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. म्हणून या खेळात शक्तीपेक्षा वेगाला मान अधिक. चांगल्या प्रशिक्षित खेळाडूच्या पावलाचा वेग सेकंदाला दहा मीटरच्याही पुढे जातो.

पण मग मुलीच्या पायाला इतका वेग आला कोठून? तिचे स्नायू तर मुलापेक्षा लहान आहेत. याचे उत्तर तिच्या गुडघ्यात आहे.

गुडघा आधी का दुमडायचा?

मुलगा पाय सरळ ठेवून, दांडके फिरवावे तसा, कमरेपासून फिरवत होता. मुलगी मात्र आधी गुडघा दुमडून वर घेत होती, मग कंबर वळवत होती आणि अगदी शेवटी पाय उलगडत होती. शिक्षक सगळ्यांना हेच सांगत होते, पण घाईत मुले ते विसरत.

एखादी वस्तू सरळ ढकलताना तिचे वस्तुमान विरोध करते. तीच वस्तू आसाभोवती फिरवताना जो विरोध होतो त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात. त्यात वस्तुमान किती आहे यापेक्षा ते आसापासून किती दूर आहे याला जास्त महत्त्व असते, कारण अंतराचा वर्ग घ्यावा लागतो.

हिशेब करून पाहू. पाय म्हणजे ६ किलोग्रॅमची, ८० सेंटिमीटर लांबीची सारख्या जाडीची काठी आहे असे धरू. एका टोकाभोवती फिरणाऱ्या काठीचे जडत्व आघूर्ण वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले तीन इतके असते. सरळ पायासाठी ते आले १.२८ किलोग्रॅम-मीटर वर्ग. आता गुडघा पूर्ण दुमडला. वस्तुमान तेवढेच राहिले, पण लांबी झाली ४० सेंटिमीटर. जडत्व आघूर्ण आले ०.३२, म्हणजे बरोबर एकचतुर्थांश! कमरेच्या स्नायूंनी तेवढाच जोर लावला तरी दुमडलेला पाय चौपट झपाट्याने गती घेतो. खरा पाय काठीसारखा एकसारखा नसतो, मांडी जड आणि पोटरी हलकी असते. म्हणून आकडा अगदी चार येणार नाही, पण मुद्दा तोच राहतो.

हे घरी करून पाहा. एक मुसळ किंवा लांब काठी घ्या. टोकाला धरून ती इकडून तिकडे वेगाने हलवा. मग मध्यावर धरून हलवा. वजन तेच, तरी दुसऱ्या वेळी ती किती सहज फिरते!

पाय उलगडण्याची वेळही महत्त्वाची आहे. शेतात पाखरे हाकलण्यासाठी गोफण फिरवताना तुम्ही पाहिले असेल. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग दोरी अशी गती पुढे पुढे सरकते आणि शेवटी छोटासा दगड सणसणत जातो. लाथेतही तसेच होते. आधी कंबर फिरते, मग मांडी पुढे येते. मांडी मंदावू लागली की तिची गती पोटरीकडे जाते आणि सर्वांत शेवटी पाऊल सुटते. प्रत्येक पुढचा भाग मागच्यापेक्षा हलका असल्याने वेग वाढत जातो. यातला एक भाग लवकर किंवा उशिरा हलला की सारा खेळ बिघडतो. वर्षानुवर्षांचा सराव असतो तो या क्रमासाठीच.

एका पायावर उभे राहणे

लाथ मारताना खेळाडू एकाच पायावर उभा असतो. शरीराच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेली लंबरेषा पायाखालच्या जागेत पडली तरच आपण उभे राहू शकतो. दोन्ही पाय फाकून उभे असताना ही जागा ऐसपैस असते. एका पायावर ती केवळ पावलाएवढी उरते.

आणखी एक प्रयोग करा. भिंतीला उजवा खांदा आणि उजवे पाऊल घट्ट टेकवून उभे राहा. आता डावा पाय उचला. उचलता येत नाही! उजव्या पायावर उभे राहण्यासाठी शरीराला उजवीकडे झुकावे लागते आणि भिंत ते करू देत नाही. तायक्वांदोत लाथ पुढे जाते तेव्हा खेळाडूचे धड किंचित मागे झुकते, ते याचसाठी. पायाचे वजन पुढे गेले म्हणून धडाचे वजन मागे न्यायचे.

ही विद्या जव्हार-मोखाड्याच्या मुलांना नवी नाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन निसरड्या पायवाटेने चढणारी तुमची आई रोज हेच करते. मोखाड्याच्या बोहाड्यात जड मुखवटा चढवून नाचणारा सोंगाडी हेच करतो. तारप्याच्या सुरावर गोल धरून नाचताना पाऊल कुठे टाकायचे आणि कंबर केव्हा वळवायची हे अंगवळणी पडलेले असते. अशा मुलांना शिक्षकाने 'तोल सांभाळ' म्हणून निराळे सांगावे लागत नाही.

टेकलेल्या पायाविषयी एक सावधगिरी मात्र हवी. बाजूने लाथ मारताना कंबर वळते, तेव्हा जमिनीवरच्या पायाची टाचही वळली पाहिजे. पाऊल खडबडीत जमिनीत रुतून राहिले आणि वरचे शरीर फिरले, तर सगळा पीळ गुडघ्यात पडतो आणि गुडघा दुखावतो. म्हणून सरावाची जागा सपाट असावी. तिच्यावरचे खडे वेचलेले असावेत. उन्हाने तापलेल्या किंवा ओल्या शेवाळलेल्या जमिनीवर सराव करू नये.

पेंढ्याचे पोते आणि छातीचे कवच

पोते पेंढ्याचे का, दगडाचे का नाही? तुम्ही हसाल, पण यातही पदार्थविज्ञान आहे. बल म्हणजे संवेगातील बदल भागिले त्यासाठी लागलेला वेळ. मुलीच्या लाथेचा संवेग १६ होता. पाऊल टणक वस्तूवर आदळून ०.०१ सेकंदात थांबले, तर सरासरी बल १६०० न्यूटन. पेंढ्यात दबून ०.०४ सेकंदात थांबले, तर ते ४०० न्यूटनच. वेळ चौपट केला की बल चौथाई झाले. स्पर्धेत खेळाडू छातीवर जाड कवच आणि डोक्यावर शिरस्त्राण घालतात, ते याच कारणाने. उंचावरून उडी मारताना आपण गुडघे वाकवतो तेही यासाठीच.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून या कवचात विजेवर चालणारे संवेदक बसवलेले असतात. लाथ पुरेशा जोराने बसली की नाही हे ते नोंदवतात. कंबरेखाली लाथ मारायची नाही आणि तोंडावर ठोसा मारायचा नाही, हेही नियमच आहेत.

तायक्वांदोच्या प्रात्यक्षिकात लाकडी फळी फोडतात, त्याचे गूढ तुम्ही सहज ओळखाल. बांबू चिरताना कोयता उभ्या धाग्यांच्या दिशेने चालवला की बांबू सरसर फाटतो. आडवा तोडायचा म्हटले तर घाम निघतो. फोडायच्या फळीतही लाकडाचे धागे अशा दिशेने ठेवलेले असतात की ती धाग्यांच्या बाजूने दुभंगावी. दोन कडांना आधार असलेली फळी मध्ये दाबली की तिची मागची बाजू ताणली जाते आणि तेथून तडा सुरू होतो. यात जादू काही नाही. पण कौले, विटा किंवा फळ्या फोडण्याचा प्रयोग तुम्ही घरी मुळीच करू नका. तुमच्या वयात हातापायांची हाडे अजून वाढत असतात आणि त्यांना झालेली इजा पुढे जन्मभर त्रास देऊ शकते.

शरीराला काय मिळते?

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी निदान एक तास घाम येईल असा व्यायाम करावा आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडे व स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तायक्वांदोत या दोन्ही गोष्टी होतात. हाडावर योग्य प्रमाणात भार पडत राहिला की ते त्या भाराला साजेसे मजबूत होते, हे जर्मन शल्यचिकित्सक वोल्फ याने १८९२ साली मांडले होते. उड्या आणि लाथा यांनी असा भार पडतो. हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता वाढते, सांधे लवचीक राहतात, तोल सुधारतो.

शिवाय नजर तयार होते. तुमचा प्रतिसादकाल किती आहे ते तुम्ही मोजू शकता. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमची बोटे उघडी ठेवा. तो न सांगता पट्टी सोडेल, ती तुम्ही चिमटीत पकडा. १० सेंटिमीटरवर पकडली तर काल सुमारे ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, ३० वर ०.२५. खेळाडूचा हा काल सरावाने फार कमी होतो असे नाही. तो समोरच्याच्या कमरेची आणि खांद्याची हालचाल आधीच वाचायला शिकतो, म्हणून तो चपळ दिसतो.

आणि मनाला काय मिळते? सरावाच्या सुरुवातीला आणि शेवटी समोरच्याला वाकून नमस्कार करायचा असतो. ज्याच्याशी लढायचे त्यालाच नमस्कार! राग आला की हात उचलायचा नाही, ही शिस्त त्यातून लागते. मात्र चार महिने शिकून आपण कोणालाही लोळवू, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. संकटात सापडल्यास ओरडणे, पळणे आणि मोठ्या माणसांना सांगणे हेच पहिले शहाणपण. त्यासाठी लागणारा दम आणि धीर तायक्वांदोतून मिळतो.

रिकाम्या पोटी लाथ नको

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. सराव संपल्यावर ती मुलगी पायरीवर डोके धरून बसली. विचारले तर म्हणाली, "चक्कर आली, सर." दोन दिवस ती नीट जेवली नव्हती. पुढे स्पर्धा होती आणि खालच्या वजनगटात खेळले तर सोपे जाईल, असे तिला कोणीतरी सांगितले होते.

तायक्वांदोत वजनगट का असतात हे तुम्हांला आता कळले आहे. वस्तुमान जास्त तर सारख्या वेगाला संवेग जास्त, म्हणून सारख्या वजनाच्या खेळाडूंची गाठ घालणे न्यायाचे. पण तो न्याय मिळवण्यासाठी वाढत्या वयाच्या मुलाने उपाशी राहणे हा निव्वळ तोटा आहे. दोन दिवसांत जे वजन उतरते ते बहुतांशी पाण्याचे. त्याबरोबर ताकद जाते, वेगही जातो. आणि वेग गेला की ऊर्जा कशी घटते ते आपण पाहिलेच. वेग निम्मा झाला तर ऊर्जा चौथाई!

हिशेब मांडू. पस्तीस किलो वजनाच्या मुलीला एक तासाच्या मध्यम ते जोरकस सरावासाठी सुमारे २०० ते ३५० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ६० ग्रॅम पिठाच्या नागलीच्या भाकरीतून सुमारे १९० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तासाभराच्या सरावाला एक ते दोन भाकऱ्या लागल्या. त्या रोजच्या जेवणाच्या वर हव्यात, कारण तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची रोजची गरजच सुमारे २४०० किलोकॅलरी धरलेली आहे. ही तूट भरून निघाली नाही, तर शरीर वाढ थांबवते आणि स्नायू जाळू लागते.

जव्हार-मोखाड्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि मुलांच्या शाळेची व जेवणाची घडी विस्कटते. अशा ठिकाणी मुलांच्या हाती कोणताही खेळ देताना आधी त्यांचे ताट पाहिले पाहिजे.

सुदैवाने ताटात ठेवण्याजोगे चांगले अन्न याच डोंगरात पिकते. १०० ग्रॅम नागलीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते दहाच्या आसपासच. नागलीची भाकरी, उडदाची किंवा तुरीची आमटी, रानभाजी आणि मिळेल तेव्हा अंडे किंवा मासळी, हे खेळाडूचे उत्तम जेवण आहे. नागली भिजवून मोड आणली की तिच्यातले लोह शरीराला अधिक मिळते. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर आणखी चांगले.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांत ते १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय समजतात. अशा मुलाला लवकर धाप लागते. ते मूल आळशी नसते, त्याच्या स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी टाकून देऊ नका. दुसरी गोष्ट सिकलसेलची. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. आदिवासी भागांत हा आजार आढळतो. सरावाला सुरुवात करण्यापूर्वी त्याची तपासणी करून घ्या. आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खेळा आणि पाणी भरपूर प्या.

त्या मुलीला आम्ही आधी पाणी दिले, मग भाकरी आणि आमटी वाढली. शिक्षकांनी सर्वांसमोर सांगितले की यापुढे प्रत्येक जण आपल्या नैसर्गिक वजनाच्या गटातच खेळेल. तो दहावीतला मुलगा तिच्या शेजारी जेवायला बसला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "सर, म्हणजे मी गुडघा दुमडला आणि हिने पोटभर खाल्ले, तर दोघांचेही पोते हलेल."

त्याला सगळे समजले होते!

तुमच्यासाठी तीन प्रश्न

१. एका लाथेचे वस्तुमान २.५ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ६ मीटर आहे. तिचा संवेग आणि गतिज ऊर्जा काढा.

२. हे पाऊल ०.०३ सेकंदात थांबले तर सरासरी बल किती?

३. पट्टीचा प्रयोग तुमच्या वर्गातील दहा जणांवर, प्रत्येकी पाच वेळा करा आणि सरासरी काढा. हाच प्रयोग जेवणापूर्वी आणि जेवणानंतर करून पाहा. काही फरक पडतो का? आकडे वहीत लिहून ठेवा आणि मगच निष्कर्ष काढा.